रेशमाला चालतील असे हात

माझ्या वहिनीला लहानपणापासून इसब आहे. बोटांना, मनगटांना आणि कोपरांच्या आतल्या घडीत. कातडी मुळातच कोरडी. थंडी पडली की पापुद्रे सुटतात, खाज येते, आणि खाजवलं की पेरांवर भेगा पडतात. ती याबद्दल फारशी कुरकुर करत नाही. "माझ्या हातांना वर्षातले आठ महिने राग आलेला असतो," एवढंच म्हणते आणि कामाला लागते.

पण तिचं काम असं, की हातांनी रागावून चालत नाही. ती एका नाटक कंपनीच्या कपडेपटात हातशिलाई करते. मशीनला न जमणारी सगळी कामं तिच्याकडे येतात. मणी लावणं, काजं करणं, रेशमाच्या कडांची तुरपाई. रेशमाला खरखरीत बोट लागलं की एखादा बारीक धागा वर ओढला जातो आणि कापडावर ओरखडा दिसतो. म्हणून ती कामाला बसण्याआधी बोटांची टोकं नखांच्या कानशीने हळूहळू घासून गुळगुळीत करायची. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा माझ्याच दातांना कळ आली.

आम्ही घरात चौघं. आई, दादा, वहिनी आणि मी. मला गेल्या वर्षी त्वचेच्या प्रसाधनांच्या एका नव्या दुकानात नोकरी लागली. तीन आठवड्यांच्या प्रशिक्षणात मी वीस-पंचवीस अवघड नावं पाठ केली आणि अर्ध्या हळकुंडाने पिवळी झाले. घरी येईल त्याच्या गालाकडे डोळे बारीक करून बघायची सवय लागली. दादा म्हणाला, "ही आता पोस्टमनलाही टोनर लावायला सांगेल." माझं सांगून झालं होतं, ते त्याला माहीत नव्हतं.

दुकानातून आम्हाला नमुन्यांच्या छोट्या ट्यूब मिळायच्या. मी पहिली ट्यूब मोठ्या थाटात वहिनीसमोर ठेवली. गुलाबाच्या वासाचं हाताचं क्रीम.

"रोज दोनदा लाव. आठ दिवसांत हात लोण्यासारखे होतील."

"इतका छान वास येतोय, जेवण हाताने जेवायचं की चमच्याने?" वहिनी हसत म्हणाली.

चार दिवस झाले. मी विचारलं की म्हणायची, "छान आहे गं." पाचव्या दिवशी आईने तिला भांडी पुसताना पाहिलं. बाह्या पार बोटांपर्यंत ओढलेल्या. आईने बाही वर केली तर मनगट बिटासारखं लाल.

"हे काय आहे?"

"काही नाही, आई. थोडं उठलंय. तिने एवढ्या प्रेमाने आणलं होतं."

मला वाईट वाटलं, पण शहाणपण आलं नाही. मला वाटलं, क्रीम चुकलं, पुढचं बरोबर लागेल. मग मी खरखरीत टाचांसाठी असलेलं एक क्रीम आणलं. त्यात युरिया होतं. ते जाड कातडी मऊ करतं हे मला पाठ होतं. भेगांवर लावलं तर झोंबतं, हे ज्या पानावर होतं ते मी वाचलंच नव्हतं. वहिनीने ते लावलं आणि उठून हात झटकत स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत, तिथून परत स्वयंपाकघरात अशा चार फेऱ्या मारल्या.

"तुला नाचता येत नाही म्हणायचीस ना?" दादा म्हणाला आणि लगेच उठून गार पाण्याचं भांडं घेऊन आला.

त्यानंतर एक फेस आला, एक जेल आलं, रात्री लावायचा एक लेप आला, आणखीही काय काय आलं. शेवटी मी वनस्पतींच्या अर्कांचं एक तेल आणलं. बाटलीवर पानंफुलं काढलेली, आणि 'शंभर टक्के नैसर्गिक' असं लिहिलेलं. हे मात्र वहिनीला पहिल्या दिवशी आवडलं. हात मऊ लागले, धागा अडकेना. ती खुशीत कामाला गेली.

संध्याकाळी परत आली. चहा ठेवला आणि तो उकळून भांड्यातून उतू जाईपर्यंत बघत उभी राहिली.

"काय झालं?" आईने गॅस बंद करत विचारलं.

"राणीच्या झग्याची बाही होती. मोतिया रेशीम. मी उचलून खिडकीपाशी नेली, तर पाचही बोटं उमटलेली. तेलाची."

नवं नाटक सहा आठवड्यांवर आलं होतं. गाण्यांचं नाटक, आणि त्यातल्या राणीचा झगा हे कपडेपटाचं सगळ्यात मोठं काम. कपडेपटाचे मास्तर हा मोठा शांत माणूस. चिडले की त्यांचा आवाज चढत नाही, आणखी खाली जातो. त्या दिवशी तो इतका खाली गेला की वहिनीला वाकून ऐकावं लागलं. बाही नव्याने कापावी लागणार होती. आणि तीन आठवडे वहिनीने झग्याला हात लावायचा नव्हता. तोवर तिने सैनिकांचे जाड्याभरड्या कापडाचे डगले शिवायचे. तीन आठवड्यांत हात ठीक झाले तर झगा तिचा, नाहीतर मास्तर बाहेरून कुणाला तरी बोलावणार.

"मी उद्या दुसरं काहीतरी आणते," मी म्हणाले.

"तू काहीही आणणार नाहीस," आई म्हणाली.

माझी आई एका शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होती. तेहतीस वर्षं तिने मुलांच्या हातात परीक्षानळ्या दिल्या आणि फुटलेल्या गोळा केल्या. निवृत्त झाल्यापासून तिला घरात काही काम पुरत नव्हतं. तिने माझ्यासमोर खुर्ची ओढली.

"तुला त्या बाटल्यांत काय असतं ते कळतं का?"

"सगळी नावं येतात मला."

"नावं पोपटालाही येतात."

दुसऱ्या दिवशी आई, वहिनी आणि मी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. मी यायचं नाही म्हणत होते, पण आई म्हणाली, साक्षीदार हवा. डॉक्टरबाईंनी वहिनीचे हात दिव्याखाली धरले, उलटे केले, सुलटे केले.

"गेल्या दोन महिन्यांत काय काय लावलं?"

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मी बोटं मोजली. "नऊ वस्तू."

"नऊ?"

"आणि एक साबणाचा फेस. पण तो फक्त तीन दिवस."

डॉक्टरबाईंनी चष्मा काढून पुसला. हसू लपवायला पुसला असावा असं मला अजूनही वाटतं. त्यांनी सूज उतरेपर्यंत थोडे दिवस लावायचं एक मलम लिहून दिलं. बाकी सगळं बंद. कडकडीत पाणी नको, कोमट घ्यायचं. हात चोळून पुसायचे नाहीत, टिपायचे, आणि ओलसर असतानाच बिनवासाचं काहीतरी लावायचं. "आणि नवीन काहीही घेतलं तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला एवढ्याशा जागेवर लावून आठवडाभर बघायचं. एका वेळी एकच. दोन गोष्टी एकत्र लावल्या तर भांडण कुणी काढलं ते कसं कळणार?"

आईचा चेहरा असा उजळला की जणू डॉक्टरबाईंनी तिला पुन्हा नोकरीवर घेतलं. "मुलांना हेच सांगून सांगून माझा घसा सुकला," ती म्हणाली.

पहिले पाच-सहा दिवस फक्त मलम आणि वाट बघणं. रात्री वहिनी हातांना जाडसर साधं पेट्रोलियम मलम थापायची आणि वर पांढरे सुती हातमोजे चढवायची. सकाळी तेच मोजे घालून चहाचा कप धरला की दादा खुर्ची मागे घेऊन तिला रस्ता द्यायचा. "वाहतूक हवालदार आले, बाजूला व्हा."

"शिट्टी वाजवीन हं," वहिनी म्हणायची. तिचं हसू परत आलं होतं. सूज उतरली, भेगा मिटल्या. आता प्रश्न असा होता की दिवसा काय लावायचं. जाड मलमाने रेशमावर डाग पडणार, आणि काहीच नाही लावलं तर आठवड्यात पुन्हा कोरडं पडून धागे ओढले जाणार.

माझ्यावर एकच काम सोपवलं गेलं. दुकानातून बिनवासाच्या वस्तू शोधून आणायच्या, आणि त्यांच्यावर काय लिहिलंय ते आईला मोठ्याने वाचून दाखवायचं. मला वाटलं होतं ढीगभर मिळतील. पुढच्या कपाटांत हात घालावा तर प्रत्येकीला काही ना काही वास. 'बिनवासाचं' म्हणून मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं शोधत शोधत मी खालच्या फळीपर्यंत पोहोचले. तिथे मागे, धूळ खात, एक मोठा पांढरा डबा होता. भिंतीला लावायची लांबी असते ना, तसा दिसणारा. वर नाव, खाली वापरायची पद्धत, बस्स. आमच्या मॅडम, म्हणजे दुकानाच्या मालकीणबाई, म्हणाल्या, "तो कुणी घेत नाही. नेलास तर उपकार होतील."

असे चार उमेदवार मी घरी आणले. आईने वहिनीच्या कोपराच्या आत, कातडी शांत झालेल्या जागी, दोन्ही हातांवर पेनाने एकेक चौकोन काढला. डावीकडे 'क', उजवीकडे 'ख'. एका वेळी एक हे खरं, पण हातही दोन आहेत, असं तिने स्वतःच स्वतःला पटवलं आणि फोन करून डॉक्टरबाईंकडूनही वदवून घेतलं. सकाळ-संध्याकाळ दोघी खिडकीपाशी बसायच्या. आई भिंग घेऊन बघायची.

"खाज?"

"नाही."

"खरं सांग. माझं मन राखायला नाही म्हणू नकोस. तुझी नणंद आहे त्यासाठी."

"अगदी थोडी. डावीकडे."

"थोडी म्हणजे कशी? डास चावल्यासारखी की लोकर लागल्यासारखी?"

'क' तिसऱ्या दिवशी बाद झाला. 'ख' आठवडाभर टिकला, पण आईची दुसरी परीक्षा बाकी होती. वहिनीने कपडेपटातून मोतिया रेशमाच्या चिंध्या मागून आणल्या होत्या. आईने हाताला क्रीम लावायला सांगितलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, आणि दर पाच मिनिटांनी एका नव्या चिंधीवर बोट दाबायला लावलं. मग ती चिंधी उजेडात धरायची. 'ख'ने अर्ध्या तासानंतरही डाग सोडला. बाद. 'ग'च्या वेळी वहिनीने स्वतःच मान हलवली, चिकट होतं.

शेवटचा तो लांबीचा डबा. त्याने कोपराशी भांडण केलं नाही. पाच मिनिटांना डाग पडला, दहाला पुसट पडला, पंधराला वहिनी म्हणाली नाही आणि आई म्हणाली आहे, आणि विसाव्या मिनिटाला दोघींनी चिंधी खिडकीच्या काचेला लावून पाहिली. स्वच्छ.

"आता बोटं फिरवून बघ," आई म्हणाली.

वहिनीने चिंधीवरून बोटं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवली. एकही धागा उठला नाही. तिने पुन्हा फिरवली. मग चिंधी माझ्या गालावरून फिरवली. मला तेवढ्यानेच रडू यायला लागलं, तेव्हा आईने मला चहा ठेवायला पिटाळलं.

त्याच आठवड्यात दुकानात एक बाई आपल्या सात-आठ वर्षांच्या मुलीला घेऊन आल्या. मुलीच्या गुडघ्यांमागे लाल चट्टे. बाईंच्या हातात गुलाबाचं क्रीम होतं, खोक्यासकट. महिन्यापूर्वी मी त्याला जोडून एक लोशनही विकलं असतं.

"हे घेऊ नका," मी म्हणाले. "आधी डॉक्टरांना दाखवा. मग बिनवासाचं साधं काहीतरी."

मॅडम मागेच उभ्या होत्या. बाई गेल्यावर त्यांनी मला आत बोलावलं आणि विचारलं, मी दुकानात कोणत्या बाजूने काम करते, काउंटरच्या आतल्या की बाहेरच्या? मी वहिनीची सगळी कथा सांगितली. नऊ वस्तूंसकट. त्या बराच वेळ ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "नऊ वस्तू आपल्याच दुकानातल्या होत्या हे बाहेर सांगत फिरू नकोस." एवढ्यावर सुटका झाली. खालची फळी तेवढी त्यांनी मला पुसायला लावली.

तीन आठवडे झाले. मास्तरांनी वहिनीचे हात पाहिले, तिच्यासमोर रेशमाचा एक तुकडा टाकला आणि म्हणाले, "तुरप." तिने तुरपला. त्यांनी तो भिंगाखाली धरला आणि राणीचा झगा उचलून तिच्या टेबलावर ठेवला.

शेवटच्या मापाच्या दिवशी मी तिथेच होते. वहिनी आपली क्रीमची डबी घरी विसरली होती आणि मी ती द्यायला गेले होते. राणीचं काम करणारी गायिका आरशासमोर उभी होती. झगा खरोखर देखणा झाला होता. कमरेपासून खाली मोत्यांच्या रांगा, उंच ताठ कॉलर, त्यावर जरीचा काठ. मास्तर भोवती फिरून बघत होते.

"कसं वाटतंय?" त्यांनी विचारलं.

"सुरेख आहे," गायिका म्हणाली. पण ती हनुवटी पुन्हा पुन्हा वर उचलत होती आणि खांदे किंचित आवळून धरत होती.

मला वाटलं, राणीचा रुबाब करून बघतेय. वहिनी मात्र टाचण्यांची उशी हातात घेऊन तिच्या अगदी जवळ गेली. कॉलरच्या कडेला मेकअपचा जाड थर होता, आणि त्या थराच्या टोकाला पांढरा बारीक पापुद्रा.

"कधीपासून आहे?" वहिनीने हळूच विचारलं.

"काय?"

"मानेचं."

गायिकेने आरशातून आधी मास्तरांकडे पाहिलं, मग वहिनीच्या हातांकडे. बरे झाले तरी त्या हातांवर जुन्या खुणा आहेत. ओळखणाऱ्याला ओळखू येतात.

"तेरा वर्षांची होते तेव्हापासून," ती म्हणाली. "प्रत्येक नाटकात काहीतरी गळ्याला लागतंच. मी कुणाला सांगत नाही. सांगितलं की लोक लांबून बोलायला लागतात. याची लागण होत नाही कुणाला, पण किती जणांना समजावत बसणार?"

"आणि वरचा सूर लावताना?"

"तेव्हाच टोचतं."

वहिनीने कॉलर उलटी करून पाहिली. आतल्या बाजूला जरीच्या काठाचे टोकेरी धागे आणि ताठपणासाठी लावलेलं खरबरीत अस्तर. तिने तिथल्या तिथे कात्री उचलली.

"काय करतेस?" मास्तरांचा आवाज खाली गेला.

"कॉलर उसवते. आत धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती अस्तर घालायचं, आणि शिवण बाहेरच्या बाजूला घ्यायची."

"शिवण बाहेर? माझ्या कपडेपटातून?"

"वरून जरीचा काठ बसेल, मास्तर. तुम्हालाही दिसणार नाही."

"परवा पहिला प्रयोग आहे."

"मग आज बसते."

मास्तरांनी उलटी कॉलर बोटाने चाचपून पाहिली. मग त्यांनी स्वतः जुन्या कपड्यांची पेटी उघडली आणि एका निवृत्त झालेल्या राजपुत्राच्या सदऱ्याचं अस्तर बाहेर काढलं. इतकं मऊ की हातात धरलं तरी जाणवेना. "हे आठ नाटकं खेळलंय," ते म्हणाले. "हे कुणाला टोचायचं नाही."

वहिनी दोन दिवस त्या कॉलरवर बसली. मी काठ धरून ठेवायला मदत केली. म्हणजे तिने मला धरू दिला. ताठपणासाठी तिने बाहेरच्या दोन थरांमध्ये कॅनव्हासची पट्टी घातली. आत फक्त ते जुनं सुती कापड, तेही एका सलग तुकड्याचं, जोड न देता. शेवटी तिने कॉलर स्वतःच्या कोपराच्या घडीत दाबून तासभर तशीच धरली. नंतर हात उघडून पाहिला आणि मग धागा तोडला.

पहिला प्रयोग दुपारचा होता. आई, दादा आणि मी बाल्कनीत बसलो. आईने भिंग आणलं होतं. इतक्या लांबून त्याचा काही उपयोग नाही हे सांगूनही आणलं होतं. शेवटच्या अंकात राणी एकटीच रंगमंचावर उभी राहून गाते. सूर चढत चढत गेला आणि वर जाऊन थांबला. तिची मान सरळ होती, खांदे मोकळे होते. कॉलर दिव्यांत चमकत होती आणि ती अजिबात हलत नव्हती. टाळ्या सुरू झाल्या तेव्हा आईने माझा दंड इतका घट्ट धरला होता की नंतर तिथे वळ दिसत होते.

प्रयोगानंतर आम्ही मागे गेलो. गायिकेने मेकअप पुसला होता. मान लाल होती, पण रोजच्याइतकीच, असं ती म्हणाली. पूर्वी प्रयोगानंतर ती मानेला ओला टॉवेल गुंडाळून अर्धा तास अंधारात बसायची. आज तिला भूक लागली होती.

"तुम्ही काय काय लावून पाहिलंत आजवर?" तिने वहिनीला विचारलं.

"नऊ तर एकट्या नणंदेने लावली."

"नऊच? मी एकदा चिखल लावला होता. कुठल्याशा तळ्याचा. आठ दिवस अंगाला बेडकासारखा वास येत होता."

"मला मावशीने व्हिनेगरमध्ये हात बुडवायला लावले होते."

"अगं आई गं. मग?"

"मग काय, मावशीशी वर्षभर बोलले नाही."

दोघी आरशासमोरच्या बाकावर बसल्या. लहानपणी शाळेत कुणी शेजारी बसायचं नाही ते, लोकरीचे स्वेटर, परीक्षेत घामाने खाजणारे हात, बहिणीच्या लग्नात फोटो काढताना पाठीमागे लपवलेले हात, एकेक निघत गेलं. एक सांगायची आणि दुसरी मध्येच "हो, हो, आणि मग रात्री" म्हणून पुढचं पूर्ण करायची. वहिनी एवढी बोललेली मी कधी पाहिली नव्हती. लग्नाला सहा वर्षं झाली, दादानेही पाहिली नसावी. तो दाराला टेकून ऐकत उभा होता आणि त्याला काही विनोद सुचत नव्हता.

मास्तर आत डोकावले. बाहेर शिवण दिसते का ते पाहायला आले होते, असं म्हणाले. त्यांना ती सापडली नाही. जाता जाता त्यांनी सांगितलं की सैनिकाचं काम करणाऱ्या दोघांनीही कॉलरची तक्रार केली आहे, आणि उद्या सकाळी वहिनीने तिकडेही बघावं.

"आता उठायचं की नाही?" शेवटी आई म्हणाली. "दोघींचं बोलणं संपेपर्यंत आम्ही उपाशी राहायचं का?"

"तुम्हीही चला आमच्याबरोबर," वहिनी गायिकेला म्हणाली.

ती चपला शोधायला लागली. दादा सगळ्यांचे कोट गोळा करू लागला. मी दिवा बंद केला आणि आम्ही पाचजण मागच्या जिन्याने बाहेर पडलो. त्या दोघी सगळ्यात मागे होत्या आणि अजून बोलतच होत्या.